पोतडीतला पंखा

१

कुठल्यातरी दवाखान्यात डॉक्टर बोलत असतो आणि बोलता बोलता आमचं सॉफ्टवेअर पडतं. तिथून माझं काम सुरू होतं.

आमचं सॉफ्टवेअर डॉक्टरांसाठी आहे. पेशंटला तपासून झालं की डॉक्टर माइकसमोर बोलतात आणि ते त्यांचं बोलणं टाइप करतं. बहुतेक वेळा नीट करतं, पण कधीकधी मध्येच बंद पडतं. तसं झालं की आत एक दुसरा छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला कुणी हाक मारावी लागत नाही. पडण्याच्या क्षणी हाताला लागेल ते तो भराभर गोळा करतो: पडद्याचा फोटो, आतल्या नोंदींच्या फाइली, मेमरीत काय काय होतं ते, आणि शेवटचा थोडा वेळ माइकमध्ये गेलेला आवाज. सगळं एकत्र बांधतो आणि आमच्याकडे पाठवून देतो. कागदोपत्री त्याला लांबलचक नाव आहे. आम्ही त्याला पोतडी म्हणतो.

पोतडी आली की मी ती सोडतो, हेडफोन लावतो, डॉक्टर काय बोलत होते ते ऐकून टाइप करतो, पेशंटचं नाव आलं असेल तर तेवढं कापतो आणि बाकीचं काकांकडे देतो. काका म्हणजे आमचे जुने प्रोग्रामर, पोतडी त्यांनीच लिहिलेली. ते माझे काका नाहीत, पण सगळेच त्यांना काका म्हणतात.

मी शाळा नववीत सोडली. तरी हे काम मला मिळालं, कारण माझा कान चांगला आहे आणि टायपिंग त्याहून चांगलं. टायपिंग मला ताईने शिकवलं. ती झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला शेजारी बसवायची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून हेडफोन लावून बसायचं काम मला मानवतं.

माझ्या शेजारी लांब्या बसतो. दवाखान्यांचे फोन तो घेतो. तो रोज एकदा तरी म्हणतो, "तू ऐकतोस, मी बोलतो. दोघं मिळून एक माणूस होतो बघ."

२

जिच्यापासून हे सगळं सुरू झालं ती पोतडी एका त्वचेच्या डॉक्टरची होती. बाई शांतपणे सांगत होत्या की डाव्या कोपरावर चट्टा आहे, खाज येते, आणि "मलम दिवसातून" इथे आवाज तुटला.

डॉक्टरचा आवाज तुटतो तिथे फाइल संपते. संपायलाच हवी, कारण सॉफ्टवेअर पडलं की माइक बंद होतो. पण ही संपली नाही. थोडी शांतता झाली आणि मग पंखा ऐकू आला.

छताचा पंखा होता. त्याचं एक पातं वाकलेलं असावं, कारण दर फेरीला टक् व्हायचं. टक्, मग बारीक घरघर, मग पुन्हा टक्. जेमतेम चारपाच फेऱ्या, आणि मग फाइल खरोखर संपली.

मी हेडफोन काढले आणि पुन्हा लावले. तेवढाच तुकडा परत ऐकला. कशाला ऐकला, हे मला आधी कळलं नाही. मग कळलं, की तो पंखा मला पाठ आहे.

"जरा ऐकतोस?" मी लांब्याला म्हटलं.

त्याने ऐकलं. "पंखा आहे."

"वेगळं काही वाटत नाही?"

"पंख्यात काय वेगळं वाटायचं? सोयरीक जमवायचीय का त्याच्याशी?"

एवढं मात्र नक्की झालं, की तो आवाज त्यालाही ऐकू आला.

३

आमच्या घरात दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत बाबा असतात. आतली ताईची होती, आता मी तिथे झोपतो, तिच्याच खाटेवर. तिचं कपाट अजून भिंतीशी आहे आणि त्यात तिचे उरलेले कपडे आहेत. ते मी हलवत नाही. माझे कपडे खुर्चीवर असतात.

त्या खोलीतल्या जुन्या पंख्याचं पातं माझ्या बॉलने वाकलं होतं. ताई म्हणायची, "असू दे रे बारक्या. टक् वाजलं की कळतं, वीज आहे." ती गेल्यावर बाबांनी तो पंखा भंगारात दिला आणि नवा लावला. नव्याला आवाजच नाही. म्हणजे तो जुना पंखा आता कुठेही नाही. असला तर वितळून दुसरं काहीतरी झाला असेल.

ताई गेली त्या संध्याकाळचं मला एवढंच आठवतं. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. बाबा म्हणाले होते, जायचं तर जा, पण मग या दारात परत यायचं नाही. मी तापाने बाहेरच्या खोलीत पडलो होतो. बाबा टॅक्सी चालवायचे, ती लावून घरी आले होते आणि भिंतीकडे तोंड करून बसले होते. आतली कडी निघाली, दार उघडलं. तिच्या चपला आमच्या जवळून गेल्या आणि बाहेर गेल्या. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही. मला तापामुळे जमलं नाही. बाबांचं बाबा जाणोत.

नोकरीच्या ठिकाणी ती पोचलीच नाही. स्टँडवर, स्टेशनवर कुणी तिला पाहिलं नव्हतं. पोलीस आले, विचारपूस केली, गेले. मग वर्षं गेली.

म्हणून त्या पोतडीने मला आधी भीती नाही वाटली, आशा वाटली. मी असा विचार केला, की एका पंख्याचं पातं वाकू शकतं तर दुसऱ्याचंही वाकेल. पण ताई त्या दवाखान्यात कामाला असेल आणि तिने मुद्दाम पातं वाकवून घेतलं असेल तर? वीज आहे हे कळावं म्हणून? हा विचार वेडगळ होता, पण मला तो सोडवेना. मी लांब्याला गळ घातली. त्याने दवाखान्यात फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"तुमच्याकडे छताला पंखा आहे का हो?"

"का? विकताय का?" पलीकडची बाई म्हणाली. "आमच्याकडे एसी आहे. छताला पंखा लावायला जागासुद्धा नाही."

"आणि तुमच्याकडे कुणी..." लांब्याने माझ्याकडे बघितलं. मी कागदावर लिहून दिलं होतं: उंच, डाव्या भुवईवर व्रण, टायपिंग येतं. त्याने ते वाचलं.

"इथे मी आणि डॉक्टर. आम्ही दोघी बुटक्या," बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

लांब्याने त्या दिवशी नंतर एकही विनोद केला नाही.

४

त्यानंतर दुसऱ्या दवाखान्यांतून पोतड्या येत राहिल्या. एक हाडांचा डॉक्टर, एक दातांचा, एक समुद्रापलीकडच्या देशातला. प्रत्येकाचा आवाज आपल्या आपल्या जागी तुटायचा आणि मग सगळीकडे तीच खोली असायची.

खोलीच म्हणायला हवं, कारण पंख्याच्या मागे आणखी आवाज होते. एका पोतडीत कपाटाचं दार होतं. आमच्या कपाटाचं दार आधी अडतं आणि मग दणकन सुटतं, तसंच ते सुटलं. पुढच्या पोतडीत कपडे झटकले जात होते. ताई घडी घालण्याआधी प्रत्येक कपडा एकदा झटकायची, धुतलेला असला तरी. त्यानंतरच्या पोतडीत बॅगेची चेन अर्ध्यात अडकली होती आणि कुणीतरी दातांतून हवा सोडली.

एका पोतडीत जिथे आवाज थांबायचा, पुढचीत तिथूनच पुढे सुरू व्हायचा. मध्ये दिवस जाओत की आठवडा जावो, त्या खोलीत तेवढा वेळ गेलेलाच नसायचा. कुठेतरी आमचं सॉफ्टवेअर पडायचं, तेव्हाच ती खोली थोडी पुढे सरकायची.

मी काकांना विचारायचं ठरवलं. ते डबा खाऊन दात कोरत बसले होते.

"काका, पोतडीत चुकून दुसरीकडचं काही येऊ शकतं का?"

"पोतडीला अक्कल नाही," काका म्हणाले. "ती शोधत नाही, ती वेचते. घर पडलं की माणूस कसा हाताला लागेल ते घेऊन पळतो? तसंच. त्यात शेजाऱ्याची बादलीसुद्धा येते."

"पण किती जुनं हाताला लागू शकतं?"

"जे पुसलं गेलं नाही ते सगळं."

"त्याच मशीनवरचं ना?"

काकांनी काडी तोंडातून काढली. "नाहीतर कुठलं? तुझ्या घरचं?"

ते हसले. मीही हसलो, कारण काहीतरी करायला हवं होतं.

५

आवाज बाहेर न्यायला आमच्याकडे बंदी आहे. मी डॉक्टरांचं बोलणं सगळं कापलं, फक्त खोली ठेवली, आणि फोनमध्ये घरी नेली.

बाबांना टॅक्सीच्या इंजिनामुळे उजव्या कानाने कमी ऐकू येतं. हेडफोन लावताना त्यांनी कुरकुर केली. "काय गाणंबिणं आहे का?"

"ऐका तर."

ते ऐकत होते तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. चेहऱ्यावर काही हललं नाही. पण पंखा सुरू झाला तेवढ्यात ते आतल्या खोलीकडे वळले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "खिडकी लाव रे. तिला वारा सोसत नाही."

मी उठून खिडकी लावली.

बाबांनी कितीतरी वर्षांत तिचा उल्लेख केला नव्हता. त्या दिवसापासून मी घरात पाऊल टाकलं की ते विचारायचे, "आज काही आलं?" आलं असेल तर चहा निवून जायचा. नसेल तर म्हणायचे, "काय तुमची कंपनी. नीट चालणारी वस्तू बनवतात आणि वर पगार घेतात."

मी आयुष्यात पहिल्यांदा सकाळी घाईने कामावर जाऊ लागलो. जिन्यात मी मनात म्हणायचो, आज कुणाचंतरी पडू दे. एखादा डॉक्टर पेशंटसमोर खोळंबून बसेल, त्याला त्रास होईल, हे मला कळत होतं. तरी म्हणायचो.

एका संध्याकाळी बाबांना बॅगेची चेन पूर्ण लागलेली ऐकू आली. त्यांनी फोन मांडीवर ठेवला.

"ही ती संध्याकाळ आहे," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे ती आता निघणार."

ते भिंतीकडे बघत राहिले. "मला वाटलं होतं, रागाने चाललीय, कोपऱ्यापर्यंत जाईल नि येईल. म्हणून बघितलं नाही. बघितलं असतं तर मीच रडलो असतो."

पुढची पोतडी एका मुलांच्या डॉक्टरची होती. तिच्यात पावलं खाटेपासून दाराशी आली. कडीला हात लागला. आमची कडी गंजकी आहे, नुसता हात लागला तरी कुरकुरते. तिथेच आवाज संपला.

बाबांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "बास. पुढचं आणू नकोस."

"बाबा, ती कुठे गेली ते कदाचित कळेल."

"काय कळणार? चपला गेलेल्या मी ऐकल्यात. तेच पुन्हा ऐकायचं?" त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. "आत्ता ती आत आहे ना?"

"आत आहे."

"मग राहू दे की तिला आत."

त्या संध्याकाळी ते आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसले. मी आत खाटेवर होतो. आम्ही दोघं एकाच माणसाची सोबत करत असल्यासारखे होतो. नवा पंखा आवाज न करता फिरत होता.

६

दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम आमच्या वरिष्ठ आहेत, त्या कधी आवाज चढवत नाहीत.

"काकांना दोष सापडला," त्या म्हणाल्या. "आज नवी आवृत्ती सगळीकडे जाईल. पोतड्या बंद."

"छोटीशी जागा रिकामी करायची राहून जात होती," काका म्हणाले. "जुनं साचायचं आणि मग पडायचं. इतकी साधी गोष्ट. माझीच मला लाज वाटली."

"शेवटची चाचणी तू घे," मॅडम मला म्हणाल्या. "तू झालं म्हणालास की मी सोडते."

आमच्याकडे चाचणीची एक पद्धत आहे. कोपऱ्यातल्या मशीनवर आधी जुनी आवृत्ती मुद्दाम पाडायची, पोतडी निघाली हे बघायचं, मग तिच्यावरच नवी चढवून तेच पुन्हा करायचं आणि पडत नाही याची खात्री करायची. बोलायचं वाक्यही ठरलेलं आहे: रुग्णाला ताप नाही, खोकला नाही, झोप व्यवस्थित.

मी कोपऱ्यात जाऊन बसलो. हे शेवटचं पडणं माझ्या हातात होतं. ते झालं की ती खोली थोडी पुढे सरकणार, कडी निघणार, आणि नंतर कधीच काही ऐकू येणार नाही. चाचणी टाळावी तर मॅडम ती दुसऱ्या कुणाकडून करून घेतील. कसंही झालं तरी तिचं पाऊल आज दाराबाहेर पडणार होतं.

बाबा म्हणाले होते, राहू दे तिला आत. मलाही तेच हवं होतं. कधीपासून हवं होतं, हे मला माइक तोंडाजवळ ओढताना कळलं. त्या संध्याकाळी तापात माझ्या ओठांवर हेच होतं आणि ते बाहेर निघालं नव्हतं.

मी मागे बघितलं. लांब्या फोनवर होता. मी ठरलेलं वाक्य म्हटलं नाही.

"ताई," मी हळूच म्हटलं, "थांब."

आणि पाडायचं बटण दाबलं.

७

चाचणीच्या मशीनवरची पोतडी माझ्याकडे यायला वेळ लागतो. ती निघाली एवढं पडद्यावर दिसलं. तोवर मी पद्धतीप्रमाणे नवी आवृत्ती चढवली. जुनी पुसली गेली. मी ठरलेलं वाक्य म्हटलं, ते सुरेख टाइप झालं. पुन्हा म्हटलं, सलग म्हटलं, भरभर म्हटलं. पडलं नाही.

"झालं?" मॅडमनी दारातून विचारलं.

"झालं."

"सोडू ना?"

मी मान हलवली. मला हलकं वाटत होतं. थांब म्हणून झालं होतं, आता दार कायमचं बंद होणार होतं, आणि ती अलीकडे राहणार होती. मॅडमनी नवी आवृत्ती सगळ्या दवाखान्यांना सोडली.

मग पोतडी आली.

आधी माझा आवाज होता. माझा मलाच तो परका वाटला. ताई, थांब. मग शांतता. मग टक्, घरघर, टक्.

कडीची कुरकुर सुरू झाली आणि मध्येच थांबली.

नंतर काही वेळ फक्त पंखा. मग पावलं वळली. दारापासून परत आली, सावकाश, आणि माइकच्या इतक्या जवळ थांबली, की मला श्वास ऐकू आला. खाट वाजली. कुणीतरी बसलं. मी दुकानात तिच्या शेजारी बसून काही मागितलं की ती जसं म्हणायची, तसंच, जराही राग नसलेल्या आवाजात ती म्हणाली:

"बरं."

मी डोळे मिटले. मला वाटलं, इथेच संपेल.

संपलं नाही. तिचा श्वास माझ्या कानाशी तसाच चालू होता. तो चालू असतानाच पलीकडे, दाराशी, कडी पूर्ण निघाली. दार उघडलं. चपला वाजल्या, बाहेरच्या खोलीतून, दोन माणसांच्या जवळून, आणि दूर गेल्या. मी तापात ऐकल्या होत्या त्याच चपला. तीच चाल.

खाटेवर कुणी हललं नाही. टक्, घरघर, टक्. मग ती थोडी हलली, घसा साफ केला, पुढे काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत असल्यासारखी. आणि आवाज संपला.

ती नोकरीवर का पोचली नाही, स्टँडवर कुणालाच का दिसली नाही, ते मला कळलं: ती त्या खोलीतून निघालीच नव्हती. जे बाहेर गेलं ते काय होतं, ते मला कळलं नाही. त्याचा विचार मी त्या वेळी केलाच नाही, कारण मला फक्त एक गोष्ट दिसत होती. मी ज्या खाटेवर रोज अंग टाकतो, तिच्यावर ती बसली आहे. मी थांब म्हटलं म्हणून थांबली आहे.

मी कोपऱ्यातल्या मशीनकडे गेलो, माइक ओढला.

"ताई, जा."

पडद्यावर आलं: ताई, जा.

मी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा म्हटलं, जोरात म्हटलं, शब्द एकमेकांत घुसवून म्हटलं, माइकवर हात आपटला. काकांकडे जुनी आवृत्ती मागितली. ते म्हणाले, "ती कशाला हवी आता? पुसली रे सगळीकडची." मी परत येऊन बसलो. ओळीखाली ओळ येत गेली, प्रत्येक अक्षर जागच्या जागी.

लांब्या उठून माझ्या मागे उभा राहिला. तो बराच वेळ वाचत होता.

"एकही चूक नाही," तो म्हणाला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, पण ही जाणार कुठे?"

"कुठेही," मी म्हटलं.

तेही टाइप झालं.